सायकल घेताना आधी माप, मग साल

या पानावर आम्ही उधारी, वजनमापे, कर आणि दुकानदारीच्या अडचणी यांविषयी लिहीत असतो. आज सायकलविषयी लिहिणार आहोत. काहींना हा विषय किरकोळ वाटेल. मोटारसायकल आता वाडीवस्तीपर्यंत पोहोचली आहे आणि बरेच फेरीवाले तिच्यावरच माल वाहतात. तरीही पाव-बटर, अंडी, बांगड्या, भंगार, कल्हई, धार लावण्याचे चाक अशा कितीतरी धंद्यांचे बस्तान अजून सायकलच्या कॅरियरवर आहे. त्या माणसाची सायकल म्हणजे त्याचे दुकान असते. दुकान भाड्याने घेताना आपण दहा वेळा जागा पाहतो, सायकल मात्र रंग आणि किंमत पाहून उचलून आणतो.

हे लिहिण्यास एक कारण घडले आणि त्यात आमचीही चूक आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यात नेसरी हे गाव आहे. शाळेच्या पुस्तकात वाचलेली नेसरीची खिंड ती हीच. 24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव गुजर आपल्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर येथेच तुटून पडले. खिंड म्हटली की चढ आला, आणि या मुलखात चढ-उताराला तोटा नाही. पावसाळाही चांगलाच जोराचा. या भागात खारी, बटर, पाव आणि अंड्यांची फेरी करणारे एक चाचा आमच्या परिचयाचे आहेत. त्यांची जुनी सायकल पार मोडकळीस आली, तेव्हा ते नवी पाहायला गेले. दुकानदाराने दोन सायकली दाखवल्या. एक त्या सालची 20 इंची, दुसरी मागल्या सालच्या साठ्यातली 24 इंची. दुसरीवर सातशे रुपये सूट.

"चाचा, लोखंड तेच, कंपनी तीच. साल तेवढे मागचे. सातशे वाचतात, घेऊन टाका," असे दुकानदार म्हणाला.

चाचांनी आम्हाला विचारले. आम्ही हिशेबाचे माणूस. आम्ही लगेच म्हणालो, "सालाने काय होते चाचा? सूट मिळते आहे तर घ्या." सालाबद्दलचे आमचे म्हणणे खरे होते. मापाविषयी मात्र आम्ही अवाक्षर काढले नाही.

चाचांची उंची 5 फूट 5 इंच. पहिल्या महिन्यात कंबर दुखू लागली, मग गुडघ्यामागची शीर. पावसाळ्याच्या तोंडी एका चढावर समोरून ऊसगाडी आली म्हणून ते थांबले. डावा पाय जमिनीला टेकेना, सायकल कलली आणि अंड्यांच्या सहा पाट्या रस्त्यावर गेल्या. तीस अंड्यांची एक पाटी, म्हणजे एकशे ऐंशी अंडी. सातशेची सूट त्या एका सकाळी कशी आणि किती फिटली, हा हिशेब ज्याने त्याने करावा. शिवाय पंधरा दिवस फेरी बंद राहिली ती निराळीच.

आकडा कशाचा?

बाजारात 'बावीस इंची', 'चोवीस इंची', 'सव्वीस इंची' असे शब्द सरसकट वापरले जातात आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. साध्या काळ्या सायकलीच्या बाबतीत, म्हणजे जिला आपण 'स्टँडर्ड' सायकल म्हणतो तिच्या बाबतीत, 20, 22, 24 हे आकडे फ्रेमचे आहेत. पायडलचा अ‍ॅक्सल जेथे फिरतो त्या नळीच्या मध्यापासून सीटखालच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत टेप लावला की हा आकडा मिळतो. या सायकलींची चाके बहुधा 28 इंची असतात. फ्रेम 20 ची असो वा 24 ची, चाक तेच.

उलट मुलांची '20 इंची' सायकल किंवा गिअरची '26 इंची' सायकल म्हटले की तो आकडा चाकाचा असतो. गिअरच्या सायकलींच्या फ्रेमचे माप वेगळे लिहिलेले असते, 15, 17, 19 इंच असे किंवा एस, एम, एल अशा अक्षरांत. एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एमएवढाच असेल असे नाही. फोनवरून किंवा कोणाच्या हाती निरोप देऊन सायकल मागवणाऱ्याने "बावीसची पाठवा" एवढेच सांगू नये. बावीसची फ्रेम, असे स्पष्ट सांगावे.

चाकाच्या आकड्यांचीही एक गंमत आहे. आपल्या स्टँडर्ड सायकलीचा टायर 28 × 1½, आणि नव्या गिअरच्या सायकलींत एक '29 इंची' चाक येते. कोणीही म्हणेल 29 मोठे. प्रत्यक्षात टायर जेथे बसतो तो रिमचा व्यास 28 × 1½ मध्ये 635 मिलीमीटर आहे आणि 29 मध्ये 622 मिलीमीटर. म्हणजे 28 ची रिम 29 पेक्षा मोठी! जुन्या 26 × 1⅜ ची रिम 590 आणि डोंगरी सायकलीच्या 26 ची 559. टायरच्या बाजूवर 40-635 असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. खेड्यात राहणाऱ्याने सायकल घेण्यापूर्वी हा आकडा वाचावा आणि आपल्या बाजाराच्या गावात तो टायर मिळतो का, हे विचारून घ्यावे. गावच्या पंक्चरवाल्याकडे जो टायर टांगलेला नसेल, त्या टायरची सायकल फेरीच्या धंद्यात घेऊ नये, असे आमचे ठाम मत आहे.

आपले माप कसे घ्यावे

उंची विचारून सायकल देण्याची पद्धत आहे, ती अर्धवट आहे. दोन माणसांची उंची सारखी असूनही एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचे धड लांब असू शकते. खरे माप जांघेचे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, एक जाड वही पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखी वर घट्ट दाबावी आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत दुसऱ्याने टेप लावावा. शिंप्याच्या दुकानात दोन मिनिटांत काम होते. मात्र पँटीचे माप यासाठी चालत नाही, ते कमी भरते.

आता फ्रेमकडे पाहू. 28 इंची चाकाच्या सायकलीत फ्रेमच्या आकड्यात साडेनऊ ते दहा इंच मिळवले की आडवी दांडी जमिनीपासून साधारण किती उंच आहे ते कळते. 20 ची दांडी सुमारे साडेएकोणतीस ते तीस इंचांवर, 22 ची साडेएकतीस ते बत्तीसवर, 24 ची साडेतेहतीस ते चौतीसवर. हा अंदाज झाला. दुकानात टेप लावून खात्री करावी. दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून दांडीवर उभे राहिले असता जांघ आणि दांडी यांत निदान एक इंच मोकळा राहिला पाहिजे. ओझे वाहणाऱ्याला दोन इंच असले तर बरे.

चाचांचे माप आम्ही नंतर घेतले, म्हणजे वरातीमागून घोडे. जांघ साडेतीस इंच, 24 च्या सायकलीची दांडी साडेतेहतीसवर. तीन इंच कमी पडत होते. सपाटीवर चालत्या सायकलीवर हे कळत नाही, म्हणून दुकानासमोर एक चक्कर मारून "छान चालते" असे वाटते. कळते ते थांबताना, तेही चढावर, मागे तीस किलो माल असताना.

सीटची उंची ही दुसरी बाब. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्यावे, गुडघा सरळ झाला म्हणजे सीट योग्य. मग पंजाने पायडल मारताना गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. आकड्यातच हवे असेल तर जांघेच्या मापाला 0.883 ने गुणावे. पायडलच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे ते अंतर होय. चाचांचे ते 27 इंच येते. 24 च्या फ्रेममध्ये सीट पार तळाला दाबली, तरी मोठ्या स्प्रिंगच्या सीटसकट ती 28 च्या आसपासच राहते. म्हणून प्रत्येक पायडलला त्यांची कंबर डावी-उजवी हलत होती. दिवसाकाठी काही हजार वेळा असे झाल्यावर कंबर बोलणारच. सीट फार खाली असेल तर दुखणे गुडघ्याच्या पुढच्या बाजूस येते, फार वर असेल तर मागच्या बाजूस आणि कमरेत. गुडघा कोठे दुखतो यावरून सीट कोठे सरकवायची हे समजते. तरीही दुखणे थांबले नाही तर मात्र डॉक्टरांनाच दाखवावे.

दोन मापांच्या मध्ये आपण येत असू तर लहान माप घ्यावे. लहान फ्रेमवर सीट आणि हँडल वर उचलता येतात. मोठी फ्रेम कापून लहान करता येत नाही. सीट वर घेताना तिच्या नळीवर कोरलेली खूण बाहेर दिसू देऊ नये. खूण नसेल तर अडीच-तीन इंच नळी आत राहू द्यावी, नाहीतर खड्ड्यात ती मोडते किंवा फ्रेमचे तोंड फाटते.

फेरीवाल्याची गोष्ट निराळी

मापाची जी कोष्टके दुकानात असतात ती रिकाम्या सायकलीवर बसणाऱ्यासाठी केलेली असतात. फेरीवाल्याच्या मागे पेटी असते, कधी छातीएवढ्या उंचीची. त्याला मागून पाय टाकून चढता येत नाही, दांडीवरून पुढूनच पाय ओलांडावा लागतो. दिवसातून चाळीस वेळा चढायचे, चाळीस वेळा उतरायचे. म्हणून त्याच्यासाठी दांडीची उंची ही सर्वांत मोठी बाब आहे, आणि कोष्टक 22 सांगत असेल तर त्याने 20 घ्यावी असे आम्ही म्हणू.

मग लेडीज सायकल का नको, असे कोणी विचारील. हलका माल असेल, समजा बांगड्यांची पेटी किंवा शिवणकामाचे कपडे, तर जरूर घ्यावी. भगिनींनी तर घ्यावीच, पुरुषांनीही लाजू नये. पण तिला वरची दांडी नसल्याने भारी ओझ्याखाली फ्रेम पिळवटते आणि हँडल थरथरते. भारी ओझ्याला डबल दांडीची लहान फ्रेम चांगली. गिअरच्या सायकलीतील पुढचे स्प्रिंगचे फोर्क ओझ्याच्या धंद्यात काही कामाचे नाहीत. वजन वाढते, तेल गळते आणि गावात दुरुस्ती होत नाही.

आणखी दोन गोष्टी मोजून घ्याव्यात. एक, आरे. स्टँडर्ड सायकलीची जुनी रीत पुढे 32 आणि मागे 40 आऱ्यांची आहे, कारण भार मागे असतो. काही सायकलींत दोन्हीकडे 36 असतात. ओझ्यासाठी मागे 40 असलेली बरी. दुसरी गोष्ट फ्रीव्हीलचे दाते. बहुधा पुढे 44 आणि मागे 18 दाते मिळतात. पायडलचा एक फेरा पुरा झाला की सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. इचलकरंजीच्या सपाटीवर हे ठीक आहे. नेसरी, आजरा, चंदगडकडे मागे 20 किंवा 22 दात्यांचे फ्रीव्हील टाकून घ्यावे. 22 ने एका फेऱ्यात साडेचार मीटरच्या आत अंतर पडते, वेग थोडा कमी होतो, पण तोच चढ उतरून ढकलण्याऐवजी बसून चढता येतो. खर्च किरकोळ आहे. नव्या सालच्या मॉडेलसाठी जो जादा पैसा मोजायचा, त्यापेक्षा तो येथे टाकलेला बरा.

साल किती महत्त्वाचे?

आता सालाकडे येऊ. स्टँडर्ड सायकलीत साल म्हणजे बहुतेक वेळा चिकटपट्टी आणि रंग. तिची घडण विलायती सायकलीवरून आली. मुंबईची हिंद, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची अ‍ॅटलस, लुधियानाच्या हिरो आणि एव्हन, मद्रासकडच्या हर्क्युलस व बीएसए यांनी तीच घडण पिढ्यान्‌पिढ्या चालवली. हिंद आणि सेन-रॅले केव्हाच बंद झाल्या. अ‍ॅटलसचा शेवटचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी थांबला. तरीही जुन्या अ‍ॅटलसला आज चेन, कॉटर, छर्रे, मडगार्ड कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात, कारण हे सुटे भाग एकमेकांना चालतात. म्हणून स्टँडर्ड सायकल मागल्या सालची म्हणून भिऊ नये, आणि यंदाची म्हणून जास्तीचे पैसे देऊ नयेत.

एक अपवाद लक्षात ठेवावा. सायकलीच्या परावर्तकांविषयी, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या तुकड्यांविषयी, केंद्र सरकारने 2020 साली गुणवत्ता आदेश काढला. फार जुन्या साठ्यातील सायकलीवर ते नसतील किंवा हलके असतील, तर दुकानदाराकडून पुढे, मागे, पायडलला आणि आऱ्यांवर बसवून घ्यावेत. पहाटे फेरीला निघणाऱ्याच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

गिअरच्या सायकलीत मात्र सालाला थोडा अर्थ असतो. नाव तेच ठेवून गिअरचा संच हलका करणे, एखादा दाता वाढवणे, डिस्क ब्रेक देणे, कॅरियर लावण्याची भोके काढून टाकणे असे बदल होतात. म्हणून दोन सालांच्या सायकली शेजारी उभ्या करून भाग मोजावेत. मागचे साल भारी आणि पुढचे हलके असेही कधी निघते.

मागल्या सालच्या सायकलीत खरे पाहायचे ते रबर. टायरच्या बाजूला अंगठ्याने दाबून बारीक भेगा पडतात का ते पाहावे. दोन वर्षे दुकानाबाहेर उन्हात टांगलेली सायकल साल कोणतेही असो, टायरने जुनीच असते. वंगण सुकलेले असेल तर चाकांचे छर्रे धुऊन नवे ग्रीस भरून मागावे. सीटची नळी गंजून चिकटलेली नाही ना, तीही एकदा हलवून पाहावी.

सूट का मिळते याचा विचार व्यापाऱ्याने तरी करायला हवा. कापडाच्या दुकानात सेलमध्ये कोणते शर्ट उरतात? 36 आणि 46. 40 आणि 42 आधीच गेलेले असतात. सायकलीचे तसेच आहे. मधली मापे हंगामात संपतात आणि साल बदलताना कोपऱ्यात राहते ती फार मोठी नाहीतर फार लहान. ही रीत जगभरची आहे. 2020 च्या साथीत जगभर सायकली मिळेनाशा झाल्या, कंपन्यांनी भरमसाट मागणी नोंदवली आणि 2022-23 मध्ये युरोप-अमेरिकेतील गोदामे भरून भल्यामोठ्या सवलती लागल्या. तेथेही ज्याला आपल्या मापाची मिळाली त्याचाच फायदा झाला. चाचांना सूट मिळाली ती साल मागचे म्हणून, असे दुकानदार सांगत होता. आमच्या मते ती 24 कोणी घेत नव्हते म्हणून मिळाली.

कराचाही एक मुद्दा सालाशी जोडलेला आहे. सायकल आणि तिचे सुटे भाग यांवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. कर विक्रीच्या दिवसाच्या दराने लागतो, सायकल बनली त्या दिवसाच्या नव्हे. म्हणून त्याआधी तयार झालेल्या सायकलीवर जुनी छापील किंमत असेल तर ती कमी करून मागणे हा सूट मागण्याचा प्रकार नव्हे. मात्र लहान दुकानदार एकत्रित कर योजनेत असेल तर तो बिलात कर वेगळा दाखवू शकत नाही, आणि 12 टक्क्यांनी भरलेल्या मालाचा परतावाही त्याला मिळत नाही. त्याची अडचण खरी असते. आपणही दुकानदारच आहोत, तेव्हा घासाघीस माणुसकीने करावी.

जुनी सायकल घेणार असाल तर

वापरलेली सायकल घेताना साल विचारूच नये, कोणाला आठवत नसते. हँडलखालच्या नळीजवळ रंगाला सुरकुती दिसली तर समजावे की पुढून धडक बसली आहे. पायडलच्या नळीशी आणि नळ्यांच्या सांध्यांशी भेग किंवा पितळी जोड पाहावा. सायकल ओल्या जमिनीवरून सरळ चालवत न्यावी. दोन्ही चाकांची रेघ एकावर एक पडली नाही तर फ्रेम वाकडी. चाक उचलून फिरवावे. थोडा आउट असेल तर मिस्त्री काढून देतो, पण गंजून पोपडे सुटलेली रिम घेऊ नये. पोलादी रिमचे ब्रेक पावसात आधीच कमी लागतात, गंजलेल्या रिमवर तर रामभरोसे. फ्रेमवर ठोकलेला नंबर कागदावर उतरवून, विकणाऱ्याच्या सहीसह पावती घ्यावी. उद्या कोणी सायकल चोरीची आहे म्हणून उभा राहिला तर हाच कागद उपयोगी पडतो.

चाचांनी ती 24 विकायला काढली तेव्हा आम्ही सोबत होतो. रंगकाम करणारा एक उंच तरुण पाहायला आला. जांघ पस्तीस इंच भरली, पाय आरामात टेकले. चाचांनी आपण होऊन सांगितले, "बेटा, ही एकदा चढावर पडली आहे. डावे पायडल थोडे वाकले होते, सरळ करून घेतले आहे. मी विकतो कारण मला मोठी होते." मालातला ऐब झाकून विकणे आपल्याकडे मना आहे, हे चाचांना कोणी शिकवावे लागले नाही. तरुणाने पायडल फिरवून पाहिले, दीडशे रुपये कमी करून मागितले आणि चाचांनी दिले.

आता चाचांकडे 20 ची डबल दांडीची सायकल आहे, मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील. साल यंदाचेच निघाले, कारण त्या मापात मागल्या सालची दुकानात शिल्लक नव्हती.